वर न बघता ताणलेली ताडपत्री

"थकलात का?" असं कुणी विचारलं की दोमिसियो चिडायचा. यंदा कुणी विचारलंच नाही, आणि त्याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

ब्राझीलमधल्या आक्रेच्या जंगलात एकतीस पावसाळे त्यानं कस्तान्याची, म्हणजे ब्राझील नटची, फळं वेचली. नारळाएवढी, दगडासारखी टणक फळं, आणि उंच झाडांवरून गळतात ती ऐन पावसात. म्हणून वेचणाऱ्यानं आठ-आठ दिवस दोन झाडांमध्ये बांधलेल्या झोळीत झोपायचं, झोळीवर ताडपत्री ताणायची. वाटेवर जो पुढे चालेल तो मुक्कामाची जागा ठरवणार, मागच्यानं वाद घालायचा नाही, हा तिथला रिवाज. दोमिसियो कायम पुढे. यंदा निघताना मुलीनं, रोझेनीनं, दारातच बजावलं होतं, "बाबा, एक जरी चूक झाली, तर त्यानंतर पुढे मी."

तिनं नवी निळी ताडपत्री आणली होती, घडी बगलेत मावेल इतकी हलकी.

"हिच्यातून कॉफी गाळ," असं म्हणून त्यानं आपली बारा वर्षांची जाड कापडी ताडपत्रीच पाठीवर घेतली.

"भिजली की गाढवाचं ओझं होतं ते."

"मग? तुझ्या पाठीवर आहे का?"

तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. ताडपत्री भिजली, जड झाली, आणि दोमिसियोची मान खाली गेली ती वर आलीच नाही. नेहमीचा मुक्काम अजून अर्ध्या तासावर होता. त्याला पाऊल उचलवेना. दोन बेताची झाडं दिसताच त्यानं ओझं टाकलं.

"इथंच."

"वर बघितलंत का, बाबा?"

"तुझ्या जन्माआधीपासून बघतोय."

ती भांडं घेऊन ओढ्यावर गेली.

हाताला सवय होती. मधला दोर ताठ बांधला, वाऱ्याची बाजू खाली ओढली, दोरावरून पाणी आत येऊ नये म्हणून झोळीच्या दोन्ही दोरांना चिंध्या बांधल्या. एक कोपरा राहिला होता, पण दम लागला म्हणून तो झोळीत जरा आडवा झाला. मग कोपरा बांधायला म्हणून तो झोळीतून कण्हत उठला, वाकला, आणि मागे धप्पकन आवाज झाला.

ताडपत्रीला डोक्याएवढं भोक पडलं होतं. झोळी फाटली होती. आत्ता जिथे त्याचं डोकं होतं, तिथेच खाली चिखलात फळ रुतलं होतं. त्यानं मान वर केली. कस्तान्याची फांदी सगळ्या मुक्कामावर पसरली होती.

रोझेनी आली. तिनं भोक पाहिलं, फळ पाहिलं, बापाकडे पाहिलं. तिनं दोर सोडले, सगळं पन्नास पावलं लांब नेलं आणि निळ्या ताडपत्रीखाली त्याला आपल्या झोळीत झोपवलं. स्वतः ती पोत्यांवर बसून राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

सकाळी पाऊस थांबला होता. दोमिसियोनं पाठीवर पोतं घेतलं आणि तो वाटेच्या कडेला सरकून उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत होती.

"चल," तो म्हणाला, "मी आहे मागे."

ती पुढे झाली. चार पावलांवर थांबून तिनं आधी वर बघितलं, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. त्याचे डोळे भरून आले. मग मान खाली घालून तो तिच्या टाचांकडे बघत चालू लागला.