रिकाम्या ट्रॉलीत

मी आमच्या गावची आशा सेविका आहे. गावात कुणाला दिवस गेले की पहिली नोंद माझ्याकडे होते. तिला तपासणीला नेणं, गोळ्या घेते की नाही बघणं आणि कळा सुरू झाल्या की गाडी बोलावून तिच्याबरोबर दवाखान्यात जाणं, हे माझं काम. सातवा महिना लागला की मी प्रत्येकीला विचारते, "वेळ आली तर गाडी कुणाची?" सासवा हसतात. म्हणतात, बघू की तेव्हा. मी उत्तर मिळाल्याशिवाय उठत नाही.

माझं स्वतःचं उत्तर तयार होतं. सरकारी अँब्युलन्स, आणि ती नाही आली तर गावातली भाड्याची जीप. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला पहिल्यांदाच दिवस गेले होते, त्यामुळे मी कशातच कसर ठेवली नव्हती. दवाखान्याची पिशवी महिनाभर आधी भरून दारामागच्या खिळ्याला लावली होती.

एप्रिलचा महिना होता. सकाळी एका बाळंतिणीच्या घरी बाळाचं वजन करायला गेले, तेव्हाच कंबरेत धरल्यासारखं झालं. बाळ झोळीत घालून काटा वाचला आणि मी तशीच बसून राहिले. ती बाळंतीण म्हणाली, "ताई, तुमचंच दुखतंय का?" मी म्हटलं, "अजून तीन आठवडे हाईत." सवयीनं तिला दूध किती वेळा पाजायचं ते सांगितलं आणि घरी आले.

आमचं घर मळ्यात, गावापासून जरा लांब. घरात सासू होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. नवरा ओझरला एका कारखान्यात कंत्राटी कामावर, पहिल्या पाळीला गेलेला. तिथे मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, पाळी सुटेपर्यंत हातात येत नाही. दहाच्या सुमाराला मी मोरीत उभी असताना पाणी गेलं. पायाशी बघितलं तर ते हिरवट होतं.

दुसरी कुणी असती तर तिला कळलं नसतं. आत्यांनाही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "पाणी गेलं म्हंजे वेळ जवळ आली, घाबरू नको." हिरवट पाणी म्हणजे बाळानं पोटातच शी केलेली असते, ते गुदमरत असतं, आणि मग एक एक मिनिट मोलाचं असतं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. आत्यांना मी काही सांगितलं नाही. फोन घेतला.

अँब्युलन्सच्या फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, "जवळची गाडी पेशंट घेऊन नाशिकला गेली आहे. यायला सव्वा-दीड तास लागेल. चालेल का?" मी म्हटलं, पाठवा. मग जीपवाल्याला लावला. तो लग्नाचं भाडं घेऊन कळवणला होता. "कालच सांगायचं ना ताई," म्हणाला. रोज भाजी घेऊन नाशिकला जाणारा पिकअप पहाटेच गेला होता.

गावात एकच कार होती. आमच्या ओट्यावरून त्या कारवाल्यांचा बंगला दिसायचा आणि त्या सकाळी पोर्चमध्ये उभी असलेली पांढरी गाडीसुद्धा दिसत होती. मी आत्यांना पाठवलं. त्या उन्हात जवळजवळ पळतच गेल्या. मी चौकट धरून त्यांच्याकडे बघत होते. त्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, कुणीतरी बाहेर आलं, थोडं बोलणं झालं आणि त्या परत फिरल्या. येताना त्या हळू चालत होत्या.

"काय म्हणाले?"

"ड्रायव्हर नाय म्हणत्यात आज."

त्या गाडीला ड्रायव्हर कधीच नव्हता. मालक स्वतः चालवतात, हे आख्ख्या गावाला माहीत आहे. सीट खराब होईल म्हणून, की गाडीत काही बरंवाईट झालं तर नसती भानगड म्हणून, की आम्ही बौद्ध म्हणून, मला आजही सांगता येत नाही. आत्यांनी पिशवी खिळ्यावरून काढली आणि माझ्या दंडाला धरलं. "चल, रस्त्यापर्यंत तरी जाऊ. तिथं कुणी भेटंल."

रस्त्यापर्यंत जायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. कळ आली की मी बांधावर बसायची, ओसरली की उठायची. रस्त्याला लागलो तेव्हा शेजारच्या मळ्यातले एक शेतकरी कांद्यानं भरलेली ट्रॉली घेऊन लासलगावच्या लिलावाला निघाले होते. आमची फक्त तोंडओळख. आत्यांनी हात केला. त्यांनी ट्रॅक्टर थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता उलटा वळवला. भरलेली ट्रॉली मळ्याच्या तोंडाशी सोडली, घरची रिकामी ट्रॉली जोडली, त्यात गोणपाटांवर दोन गोधड्या टाकल्या. त्यांच्या बायकोनं आणि आत्यांनी मला वर ओढून घेतलं.

"लय आदळंल ताई," ते म्हणाले. "हळू घेऊ का जोरात?"

"जोरात घ्या," मी म्हटलं.

रिकामी ट्रॉली भरलेल्या ट्रॉलीपेक्षा जास्त उडते. प्रत्येक खड्ड्याला माझी पाठ पत्र्यावर आपटत होती. वर ऊन, पत्रा तापलेला. आत्यांनी पदर माझ्या तोंडावर धरला होता आणि तोंडानं त्रिशरण म्हणत होत्या, मध्येच चुकत होत्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. मी दोन्ही हात पोटावर ठेवले होते. पाटाच्या पुलावर बाळ हललं. पायानं ढोसल्यासारखं नव्हतं ते, कूस बदलल्यासारखं होतं. मी आत्यांना म्हटलं, "हललं." त्या म्हणाल्या, "हलणारच की."

पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. फाटकाच्या अलीकडे बाजाराला निघालेल्या ट्रॅक्टरची रांग, सगळ्या ट्रॉल्या कांद्यानं भरलेल्या. आमचे शेतकरी खाली उतरून पुढे गेले, पुढच्यांच्या हातापाया पडून त्यांना बाजूला व्हायला लावलं. आम्ही अगदी फाटकाच्या दांड्यापाशी पोचलो. पण रुळांवर मालगाडी उभीच होती. फाटकवाल्याला ओरडून सांगितलं. तो केबिनमधून बाहेर आला, माझ्याकडे बघून चपापला, म्हणाला, "सिग्नल नाही ओ, माझ्या हातात काय आहे?" खरंच त्याच्या हातात काही नव्हतं. रांगेतले लोक खाली उतरून उभे होते. एकानं पाण्याची बाटली दिली. ट्रॉलीत काय चाललंय ते कळल्यावर बहुतेकांनी पाठी फिरवल्या.

मी पोट चाचपत होते. डावीकडून ढोसून बघितलं, उजवीकडून बघितलं. मी इतर बायकांना सांगते तसं कुशीवर वळले आणि थांबले. कळा येत होत्या, जात होत्या. मधल्या वेळात पोट नुसतं जड होतं. आत्यांनी विचारलं, "हलतंय ना?"

"हो," मी म्हणाले.

मालगाडी हलली, फाटक उघडलं. तिथून दवाखाना दहा मिनिटांवर होता. सरकारी दवाखाना, माझ्या पायाखालचा. किती बायकांबरोबर मी त्या पायऱ्या चढले आहे. दारात सिस्टर उभी होती. आत्या पुढे होत्या, मी त्यांच्या मागे वाकून चालत होते. सिस्टरनं मला ओळखलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "आज कुणाला आणलंस गं?"

मग तिचं माझ्या साडीकडे लक्ष गेलं.

टेबलावर घेतल्यावर तिनं ठोके ऐकायचं मशीन पोटावर ठेवलं. नुसती खरखर. तिनं ते खाली सरकवलं, बाजूला सरकवलं, जेली पुसून पुन्हा लावली. एकदा ठक् ठक् ऐकू आलं आणि मी मान उचलली. ती म्हणाली, "तुझे आहेत ते." ती डॉक्टरांना बोलवायला गेली, पण माझ्याकडे न बघता गेली. तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्यांनी उचलला. अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता. गाडी आमच्या गावात आली होती आणि तो घर विचारत होता. आत्या म्हणाल्या, "आता नको, दादा."

बाळ गेलं म्हणून कळा थांबत नाहीत. हे मला माहीत होतं, पण ते माझ्या बाबतीत कधी वापरावं लागेल असं वाटलं नव्हतं. दुपारी तीननंतर मुलगी झाली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. डॉक्टर नंतर म्हणाले, केव्हा गेलं ते नक्की सांगता येणार नाही, वाटेत असेल, कदाचित घरीच असेल. मी पाटाच्या पुलावरचं सांगितलं नाही. आतून खरंच काही हललं होतं की ट्रॉलीचा धक्का होता, याची मलाच खात्री उरली नव्हती.

सिस्टरनं तिला स्वच्छ पुसून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि विचारलं, "बघायचंय का?"

मी नको म्हणाले. एकदा बघितलं तर जन्मभर डोळ्यांपुढून जाणार नाही, असं वाटलं. आत्यांनी बघितलं. संध्याकाळी नवरा कारखान्याच्या कपड्यांतच आला, त्यानं बघितलं. तोच घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती. मी त्याला कधी विचारलं नाही की ती कुणासारखी दिसत होती, आणि तोही आपणहून बोलला नाही. आता कितीतरी वर्षं झाली. मी न बघितलेला तो चेहरा रोज वेगळा असतो.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. आत्यांनी छातीला फडकं घट्ट बांधलं आणि बांधताना तोंड फिरवून घेतलं.

दीड महिन्यानं मी कामावर गेले. त्यानंतर मला पुन्हा दिवस राहिले नाहीत. पांढऱ्या गाडीवाल्यांच्या सुनेला दिवस गेले तेव्हा त्यांच्याही घरी नोंद करायला जावं लागलं. मालकांनी स्वतः खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी तिचं वजन केलं, रक्तदाब घेतला, गोळ्या दिल्या. गाडी कुणाची, हे तिला विचारलं नाही. चहा आला तो प्यायले. घरी येऊन मोरीत ओकले.

ट्रॅक्टरवाले भाऊ बरेच दिवस मला बघून वाट बदलायचे. एकदा पोलिओच्या डोसाच्या दिवशी नातवाला घेऊन रांगेत आले. नातवाच्या तोंडात थेंब सोडून झाले तरी ते हलेनात. मागच्या बायका थांबल्या होत्या. मग हळूच म्हणाले, "ताई, मी हळू घ्यायला पायजे होतं का?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. "जोरात आणलंत ते बरं केलंत."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मला खात्रीनं सांगता आलं नव्हतं. ते नातवाला कडेवर घेऊन गेले. मी पुढच्या बाळाच्या बोटाला शाई लावली.