कडेचा चेंडू

आमच्या तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचं गोदाम बासष्ट फूट लांब होतं. दुष्काळात ते रिकामं पडलं, म्हणून त्यात टेबल टेनिसचं टेबल आलं. एरवी पोत्यांची जागा खेळाला कुणी दिली नसती. मी संघात कारकून होतो. गावातल्या सुतारानं टेबल केलं तेव्हा माप मीच घेतलं: नऊ फूट लांबी, पाच फूट रुंदी, अडीच फूट उंची. एक कोपरा पाव इंच खाली होता. तो अखेरपर्यंत तसाच राहिला.

हायस्कूलचे एक शिक्षक माझ्याबरोबर खेळायचे. पहिल्या महिन्यातच आम्ही अरे-तुरेवर आलो. पुढं पाऊसपाणी बरं झालं, ज्वारीची थप्पी परत लागली, टेबलामागं जेमतेम सात पावलं जागा उरली. तरी आमचे रोजचे तीन गेम चुकले नाहीत. माझ्या वडिलांचा पाय मोडला तेव्हा खाटेचं एक टोक त्यानं धरलं होतं, दुसरं मी.

गोदामात आमचा एक नियम होता. पत्र्याखाली दिवसासुद्धा अंधार असायचा आणि दिवा एकच, मधोमध. गुण मोजणाऱ्याला टेबलाची कड नीट दिसायची नाही. चेंडू वरच्या कडेला लागला तर गुण मारणाऱ्याचा, खाली बाजूच्या लाकडाला लागला तर समोरच्याचा. म्हणून ज्याच्या बाजूला चेंडू पडेल त्यानंच सांगायचं, आणि त्याचा शब्द शेवटचा. पाच वर्षांत यावरून एकदाही वाद झाला नाही. बाहेरगावचे खेळाडू आले तरी आमच्याकडं हाच नियम चालायचा. मला त्याचा अभिमान होता.

त्या साली आपल्या देशात आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस स्पर्धा भरणार होती. जिल्ह्याच्या वाट्याला पुरुष एकेरी बघायचा एकच पास आला. जिल्ह्यात नीट खेळणारे आम्ही आठजण. जिंकेल तो जाईल, असं ठरलं. मी तोवर सोलापूरच्या पलीकडं गेलो नव्हतो. वर्तमानपत्रात एकवीस-अठरा, एकवीस-सोळा असे आकडे वाचून ते खेळाडू मी मनात खेळवत होतो. एकदा डोळ्यांनी बघायचे होते, एवढंच.

सामने एका रविवारी आमच्याच गोदामात झाले आणि शेवटी उरलो आम्ही दोघंच. पाहुणे येणार म्हणून संघाच्या हमालमामांनी सकाळी दाराच्या चौकटीला काव लावली होती. उरलेली लाल काव त्यांनी टेबलाच्या बाजूच्या लाकडालाही फासली.

"मामा, टेबल हाय का बैलगाडी?" माझ्या मित्रानं विचारलं.

"गाडीच समजा, गुर्जी. दोगंबी बसा अन् पोचा तिकडं," मामा म्हणाले.

दोन-दोन गेम झाले. पाचव्यात मी वीस-एकोणीसनं पुढं होतो. सर्व्हिस त्याची. मी उजव्या कोपऱ्यात मारलं. चेंडू टेबलाच्या टोकाला टक् करून उडाला आणि पोत्यांखाली गेला. मी बॅट खाली ठेवायला निघालो होतो.

"बाजूला लागला," तो म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. तो बॅटचं रबर शर्टाला पुसत होता.

"कडंला लागला न्हाय व्हय, गुर्जी?" मामांनी विचारलं.

"न्हाय मामा. खाली लागला."

नियम नियम होता. मी म्हणालो, "वीस-वीस." चेंडू सापडेना, म्हणून दुसरा घेतला. बावीस-वीसनं मी हरलो.

चेंडू सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. डब्यात तीन असायचे. सोमवारी सकाळी दोनच भरले, म्हणून मामांना घेऊन मी थप्पी सरकवली. चेंडू सापडला. त्यावर धूळ होती, लाल काही नव्हतं. मी तो दिव्याखाली नेऊन फिरवून फिरवून पाहिला. मग टेबलाच्या बाजूला हळूच मारला. लाल ठिपका उमटला. पुसून पुन्हा मारला. दहा वेळा मारला, दहाही वेळा ठिपका. आणि ही तर सोमवारची वाळलेली काव. रविवारी ती ओलसर होती.

मामा बघत होते. "काय करताव सायेब?"

"काही नाही. काव पक्की बसली का बघतोय."

चार दिवसांनी त्याला सोडायला मी येडशी स्टेशनवर गेलो. गाडीला वीस मिनिटं अवकाश होता. म्हटलं, एवढ्या वेळात तो बोलेल. तो डब्यातल्या जागेबद्दल बोलला, तिकडच्या थंडीबद्दल बोलला. मी माझा स्वेटर त्याला दिला आणि एक कोरी वही दिली.

"पुरुष एकेरीचे सगळे स्कोर लिहून आणतो गड्या, तुझ्यासाठी," तो म्हणाला. गाडी हलली.

तो परतला त्या संध्याकाळी गोदामात वीसेक माणसं जमली. वहीत दीड पान भरलं होतं. पण तो सांगत छान होता. परदेशी खेळाडूंची उंची, त्यांच्या सर्व्हिस, टाळ्या. मग एक प्रसंग त्यानं उभं राहून सांगितला. पंचांनी एका खेळाडूला गुण दिला. त्यानं तो घेतला नाही. बोटानं स्वतःच्या बाजूची कड दाखवली, समोरच्याचा चेंडू कडेला लागला होता म्हणून. अख्खं सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं.

"मग जिंकला का तो?" मी विचारलं.

"हरला. पण माणूस असा पाहिजे."

"आपल्याकडं हाय का असा कुणी?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

त्यानं वही मिटली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाला, "हा हाय की. ह्यानं दिला असता."

लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत. तोवर मी स्वतःला सांगत होतो की अंधारात त्याला खरंच दिसलं नसेल. ती सोयही त्यानं ठेवली नाही.

खेळणाऱ्यांच्या पुढच्या बैठकीत मी एक ठराव मांडला: दोन दिवे लावावेत, आणि कडेचा निर्णय इथून पुढं पंचानं द्यावा. नियम बदलायची गरज काय, असं दोघांनी विचारलं. मी कारण सांगितलं नाही.

ठरावाच्या बाजूनं पहिला हात त्याचा वर गेला.