दिवलीमावशीने सोडलेला काठ

दिवलीमावशी, तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. म्हणून हे पत्र मी मोठ्याने बोलतेय असं समज. पाल्हाळ मला जमत नाही, तुला ठाऊक आहे.

लोणखेड्यात तू लोकांच्या अंगणात बसून लाल मिरच्यांची देठं खुडायचीस. वर्षभर तुझा आवाज कुणाच्या कानावर पडत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र गौराई बोळवायला बाया गोमाई नदीवर निघाल्या, की सगळ्यांच्या पुढे तू. या काठाला आपल्या गावच्या, त्या काठाला पलीकडच्या, आणि मधल्या घोटाभर पाण्यावरून शिव्यांची फेकाफेक. पलीकडच्या पाटलाच्या मिशीत तू एकदा होल्याचं घरटं बसवलंस आणि पिलांची बारशीही उरकलीस. त्या काठच्या बायासुद्धा हसून खाली बसल्या. रीत एकच होती. गौराई पाण्यात गेली की तोंड मिटायचं, बोललेलं पुन्हा काढायचं नाही.

माझे वडील शाळामास्तर. त्यांना हे सोसत नसे. म्हणत, "पोरी ऐकतात हे. उद्या घरच्या म्हाताऱ्यांची टवाळी करतील." मी तेव्हा पुण्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मला ते सगळं गावंढळ वाटे, पण वडिलांचं भविष्यही पटत नसे.

साठ साली खापर गावचे उदेसिंग तुझ्या लेकीला, सिंधूला, मुलासाठी बघायला आले, आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी. दिवस तूच ठरवलास. तुझ्या मते तोंडं आदल्या संध्याकाळी मिटली होती. सिंधूचं मिटलं नव्हतं.

"पोर, भाकर करता येस का तुले?" उदेसिंगांनी विचारलं.

"येस ना. तुमना पोऱ्याले चावता येस का?"

दारामागे कुणीतरी फिस्सकन हसलं. उदेसिंगांनी बशी खाली ठेवली, मागून कळवतो म्हणाले आणि उठले. वडिलांना हवा तो पुरावा मिळाला. आठवडाभर त्यांनी दुसरा विषय काढला नाही.

मी बहिणीकडे खापरला निघाले होते. तू मागच्या दाराने आलीस. हात मिरचीने लाल.

"उदेसिंगभाऊले सांग, चूक पोरनी नही, मन्ही शे. आते दिवली काठवर येनार नही. पोरले पदरमा ल्या."

"मावशी, तू कशाला नाक घासतेस?"

"तू शिकेल शे, मन्ही पोर नही शे. निरोप सांग फक्त."

खापरला मी चार दिवस राहिले. उदेसिंग रोज ओट्यावर दिसायचे. मी गेले नाही. एका हसण्यापायी तुझ्यासारख्या बाईने काठ सोडावा हे मला मंजूर नव्हतं, आणि ते मी तुला न विचारता ठरवलं. काठावर उभं राहून मी जन्मात एक शिवी दिलेली नाही. उद्धटपणा मला तिथून शिकावा लागला नाही.

परतल्यावर तू विचारलंस, "सांगं का?"

"सांगितलं."

"काय म्हने?"

"बघू म्हणाले."

पुढच्या आखाजीला बाया गोमाईवर गेल्या आणि तू अंगणात देठं खुडत बसलीस. आपल्या बाया तासाभरात हरून आल्या. खापरहून काही आलं नाही. बासष्टमध्ये तू सिंधूला सारंगखेड्याला दिलीस. तिथे ती सासऱ्याला तसंच तोंडावर बोलायची आणि तो मिशीत हसायचा, हे तूच मला सांगितलंस. मी म्हटलं, मग आता तरी चल काठावर.

"नही. उदेसिंगभाऊले शब्द देयल शे."

सदुसष्टमध्ये तू गेलीस, तोवर सात आखाज्या तू घरात काढल्यास. उदेसिंगांचं घर बहिणीच्या घरापासून चौथं होतं.