सहा पानं आणि रविवारची रिकामी जागा

मागच्या आठवड्यात शाळेतून आले आणि चहा घेऊन लॅपटॉपपुढे बसले. आईच्या शुगरच्या नोंदींचे आलेख काढायचे होते.

आई लामत्याला राहते, मी बालाघाटला. ती दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बोटाला सुई टोचून शुगर मोजते आणि वहीत लिहिते. नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, वहीचे फोटो नकोत, सहा महिन्यांचे आलेख एकाच फाइलमध्ये पाठवा. इन्सुलिन सुरू करायचं की नाही, ते त्यावरून ठरणार होतं...

हल्ली थोडं पायथन प्रोग्रॅमिंग शिकतेय, म्हणून हौसेने कोड लिहिला. महिन्याला एक आलेख, खाली सोमवार ते रविवार. कोड बिनतक्रार चालला... पण पीडीएफमध्ये पान एकच, शेवटच्या महिन्याचं.

बाकीचे पाच महिने गेले कुठे? बराच वेळ कळेना. मग लक्षात आलं, लूपच्या, म्हणजे दर महिन्यासाठी तेच काम पुन्हा करणाऱ्या कोडच्या, प्रत्येक फेरीत त्याच नावाची फाइल नव्याने लिहिली जात होती. नवा महिना आला की आधीचा पुसला जायचा.

फाइल लूपच्या आधी उघडायची, एकेक पान आत ठेवत जायचं आणि सगळं झाल्यावरच बंद करायची... एवढंच होतं.

सहा पानं आली. खुशीत भराभर खाली सरकवत गेले आणि थांबले. एकाही पानावर रविवारच्या वर ठिपका नव्हता. वहीत नुसत्या तारखा होत्या, त्यामुळे टाइप करताना हे जाणवलंच नव्हतं.

रविवारी मी आईकडे जाते. जाताना खोव्याची जिलेबी घेऊन.

फोन लावला. "आई, रविवारी तू काहून नाही मोजत?"

ती म्हणाली, "तू येते न जिलेबी घेऊन. मोजली असती तं तू आणलीच नसती."

"मग डॉक्टरले काय सांगू आता?"

"सांग, रविवारी म्हातारीले सुट्टी राह्यते."

हसले खरी, पण फोन ठेवल्यावर वाटत राहिलं... खोटा आकडा लिहिणं तिला किती सोपं होतं. तिने जागा रिकामी सोडली.

काल रविवार होता. जिलेबी नेली, पण एकच. अर्धी तिने खाल्ली, अर्धी मी. दोन तासांनी तिने आपणहून बोट पुढे केलं.

आज फाइलला सातवं पान जोडलं आणि ती डॉक्टरांना पाठवली. त्या पानावर कालच्या रविवारचा एकच ठिपका आहे. बराच वर आहे... पण आहे.