नाचला नाहीत तर पैसे परत

आधीच सांगते, माझं अक्षर म्हणजे कोंबडी अंगणभर फिरून गेल्यासारखं आहे, आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्याने चुका पोटात घालाव्यात. पण पेटीवाले आजोबा गेल्याचं परवा कळलं, आणि त्यांच्याबद्दल कोणीतरी खरं लिहून ठेवायला हवं असं वाटलं. त्यांनी स्वतः लिहिलं असतं तर त्यात खरं फारसं सापडलं नसतं.

२०१३ साली मी मुलाकडे, नीलेशकडे, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला राहायला आले. तिथल्या माउंट रॉस्किल भागात आमच्या कुंपणापलीकडे आजोबांचं घर. ऐंशीकडे झुकलेले, उंच, गळ्यात सदा अकॉर्डियन. म्हणजे आपली पेटीच, पण छातीशी धरून दोन्ही हातांनी भाता ओढायचा. त्यांचे पणजोबा युरोपातल्या बोहेमियातून जहाजाने आले, ते पोलका नाच बरोबर घेऊनच. आजोबांनी आयुष्यभर तोच वाजवला, आणि गावोगावचे हॉल भाड्याने घेऊन लोकांना नाचवलं. त्यांच्या जुन्या व्हॅनवर ‘उत्तर बेटाचा पोलका-राजा’ असं रंगवलेलं होतं. ही पदवी कोणी दिली, असं नीलेशने विचारलं तर म्हणाले, “मीच. दुसरं कोणी देईना. किती वर्षं वाट बघायची?”

त्यांचं इंग्रजी मला अर्धं कळायचं, उरलेलं मी हातवाऱ्यांवरून घ्यायची. इथे सगळं मराठीत करून लिहिते आहे.

कार्यक्रम महिन्यातून एकदा, साथीला एक म्हातारा ड्रमवाला. त्या दिवशी आजोबा दुपारपासून शेजाऱ्यांच्या गाड्या मागून हॉलपुढे उभ्या करायचे. “रिकाम्या हॉलपुढे कुत्रंसुद्धा थांबत नाही,” म्हणायचे. नीलेशची गाडी तर पोलक्याची पक्की रसिक झाली होती. पोस्टर कोपऱ्यावरच्या डेअरीच्या, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानाच्या काचेवर, सूनबाईच्या फार्मसीत, आणि एकदा आमच्या कचऱ्याच्या डब्यावरही. त्यावर असायचं, ‘गेल्या वेळी जागेअभावी अनेकांना परत जावं लागलं.’ गेल्या वेळी मी तिथे होते. परत गेलेला माणूस एकच, आणि त्याला वाटलं होतं की आत हाउजी आहे.

पोस्टरच्या तळाशी मोठ्या अक्षरांत वचन असायचं: नाचला नाहीत तर पैसे परत. इतक्या वर्षांत एकानेही पैसे परत नेले नव्हते, याचा त्यांना भारी गर्व. मग मी आले.

मला चारचौघांत शिंकायचीही लाज वाटते, नाचणं तर लांबच. पहिल्या दिवशी भिंतीलगत खुर्ची धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. आता ते वाजायला लागलं की पाय काही गप्प बसत नाहीत, हे खरं. पण साडीच्या आत पाय काय करतात, ते कोणाला दिसतंय? मध्ये चहा झाला, स्कोन म्हणतात ते जॅम लावलेले गोडसर पाव झाले. निघताना आजोबा दारात आडवे उभे.

“नाचलीस, नेबर?”

“नो.”

दाढ उपटल्यासारखा चेहरा करून त्यांनी खिशातून दहा डॉलरची नोट काढली. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्याही. नीलेश म्हणायचा, “आई, गाणं ऐकून, खाऊन-पिऊन पैसे परत आणणारी तू एकटीच!” नोटा मी भाजणीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. खर्च करायला मन होईना.

“माझ्या नावावरचा तू एकमेव डाग आहेस,” आजोबा कुंपणावरून ओरडायचे.

“मग मला तिकीट विकू नका.”

“वा! एक खुर्ची भरते ती?”

त्यांची आणखी एक खोड होती. गर्दी कमी झाली की ‘अखेरचा पोलका’ अशी पोस्टर लावायची. लोक गहिवरून यायचे, आणि पुढच्या महिन्यात आजोबा पुन्हा हजर. असं तीनदा झालं. २०१८ साली पुन्हा ‘अखेरचा’ लागला तेव्हा सूनबाई हसली, “आई, हा चौथा हं.” त्याच आठवड्यात मी चकल्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांना झाकण उघडेना. दोन-तीनदा खटपट केली आणि डबा माझ्यापुढे सरकवला. “तूच उघड. बोटं संपावर गेलीत.”

त्यांनी यावेळी खरं लिहिलं होतं, आणि ते खरं मानणारं कोणी नव्हतं.

त्या दिवशी हॉलबाहेर मागून आणलेल्या गाड्यांची रांग, आणि आत रिकाम्या खुर्च्यांची. चार-पाच म्हातारी जोडपी कोटसुद्धा न काढता बसलेली. आजोबांनी एक धून वाजवली, दुसरी वाजवली. कोणी उठेना. बोटं घसरत होती. ते हसतमुखाने सारखे दाराकडे बघत होते, जणू गर्दी रस्त्यातच अडकली आहे.

मी पदर खोचला आणि उठले. मला येतो तो झिम्मा, तोही लहानपणी परसात, पुरुषमाणसं घरी नसताना खेळलेला. त्या मोकळ्या लाकडी जमिनीवर मी एकटीने तोच सुरू केला. कान नुसते तापले होते. तेवढ्यात ड्रमवाल्याची बायको पुढे आली. तिचे हात धरून फुगडीच घातली. ती किंचाळली, “स्वीट ॲज!” म्हणजे इथल्या भाषेत ‘झकास’. मग बाकीच्यांना कोट काढावेच लागले.

निघताना आजोबा दारात. घामाने निथळत होते.

“नाचलीस, नेबर?”

“येस.” घरूनच पिशवीत घालून आणलेला भाजणीचा डबा मी पुढे केला. “नाचले, म्हणून सगळे परत. आज पहिल्यांदाच पाय हलले.”

“खोटारडी! आमचा ड्रमवाला ठार बहिरा. पाच वर्षं मी तुझ्या साडीच्या काठाकडे बघून ताल धरतोय.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. “मग पैसे का देत होतात?”

“पैसे मिळाले की माणूस परत येतो.”

त्या आखडलेल्या बोटांनी त्यांनी एकेक नोट मोजली. मला वाटलं, निदान एखादी परत देतील. कसलं काय! सगळ्या घडी करून खिशात घातल्या आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला.

“पूर्ण फिटले,” म्हणाले. “आता तुला परत यायला नको, नेबर.”