जॅकजवळ बसणारी

माझ्या नातवाचं जावळ काढलं, त्या सालची ही गोष्ट. जावळ जत्रेतच काढलं, कारण आमचं घर जत्रेतच असतं. आमचा आकाशपाळणा आहे. तो गावोगाव न्यायला माझ्या नवऱ्याने मोडीत निघालेली एसटी लिलावात घेतली आणि आतली बाकडी उपटून टाकली. मागे पाळण्याची लोखंडं, पुढे चूल, अंथरुणं आणि आम्ही.

बस आमची आम्हीच सांभाळतो. पुढच्या चाकांच्या पिनीला महिन्याच्या महिन्याला ग्रीस मारावं लागतं. त्यासाठी एक्सल जॅकवर उचलून चाक काढायचं. वजन उचललेलं असलं तरच ग्रीस पिनीत शिरतं, नाहीतर एका अंगाने भरलेलं दुसऱ्या अंगाने तसंच बाहेर येतं, आणि मग घाटातल्या वळणावर स्टिअरिंग दगडासारखं होतं. आमचा जॅक जुना, दम धरत नाही, हळूहळू बसत जातो. म्हणून एकाने खाली झोपायचं आणि एकाने जॅकचा दांडा धरून जवळ बसायचं. बसू लागला की दांडा दाबून परत वर घ्यायचं.

नवरा होता तोवर खाली तो असायचा आणि जॅकजवळ मी. तो गेल्यावर खाली मी जाऊ लागले. मग माझ्या अंकुशचं लग्न झालं आणि शैला सून म्हणून आली. दुपारी पाळणा बंद असायचा तेव्हा तिने बसच्या पत्र्यावर खडूने मला अक्षरं गिरवायला लावली. मी तिला ग्रीस मारायला शिकवलं. आता माझे गुडघे दुमडत नाहीत, म्हणून ती खाली जाते.

त्या दुपारी तिने चाक काढलं आणि मी ठोकळा आण म्हटलं. बाभळीचा ठोकळा आहे, एक्सलखाली उभा करायचा, म्हणजे जॅक सुटला तरी बस त्याच्यावर बसते. तिला कंटाळा आला होता.

"आत्याबाई, जॅकजवळ तुम्ही आहात की. ठोकळा लावला तर लोक म्हणतील, हिचा सासूवर भरवसा नाही."

"म्हणू देत. लाव."

तिने लावला. ठोकळा आणि एक्सल यांच्यात बोटभर फट राहिली. मग ती खाली सरकली आणि बाहेर नुसते तिचे पाय राहिले, बोटांत जोडवी. ग्रीसच्या पंपाचा आवाज सुरू झाला. कचक, कचक. ऊन पत्र्यावर तापलेलं, पोटात भाकरी, हातात दांडा. दांडा दाबते, थांबते, परत दाबते. पापण्या मिटतात, उघडतात.

पंपाचा आवाज चालूच आहे. पायांकडे बघते तर जोडवी नाहीत. टाचा भेगाळलेल्या, भेगांत काळं ग्रीस, डाव्या अंगठ्याला नख नाही. हे पाय मी ओळखते. यांच्या लाथा खाल्ल्या आहेत.

"दांडा मार," माझा नवरा बसखालून म्हणतो. "झोपलीस व्हय गं?"

मी दांडा मारते. तो मेलेला आहे हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही. तो पाळण्याची चौकशी करतो, धंदा कसा आहे, बेअरिंग बदलली का. अंकुश पितो का, असं विचारतो. मी नाही म्हणते. "मग त्यो माझा न्हवं," असं म्हणून तो हसतो. बस त्याच्या हसण्याने हलते.

आता माझ्याखाली जमीन नाही, बसचा पत्रा आहे. जॅक चुलीजवळ उभा आहे आणि तव्यावरची भाकरी करपते आहे. तो बाहेर आला आहे, हातात पंप. त्याची नजर ठोकळ्यावर जाते.

"ह्यो कुणी आणला?"

मी आणला म्हणते. तो ठोकळ्याला लाथ घालतो. ठोकळा हलत नाही, म्हणून दुसरी लाथ मला बसते. मग पंपाचा दांडा कानावर. डावा कान. तो त्याने जिवंतपणीच बंद केला आहे, आणि स्वप्नातही त्या बाजूने काही ऐकू येत नाही, म्हणून हा मार बिनआवाजी आहे. केस धरून तो मला ओढत नेतो. पत्र्यावर माझे गुडघे सोलतात. मी चुलीचा पाय धरते तर चूलच माझ्याबरोबर फरफटत येते, निखारे सांडतात, तो निखाऱ्यांवरून अनवाणी चालतो.

"लई कुरकुरतीस," तो म्हणतो. "कुरकुरणाऱ्याला ग्रीस मारावं लागतं."

हे तो जिवंतपणी चारचौघांत म्हणायचा आणि लोक हसायचे. आज तो खरोखरच पंपाची नळी माझ्या दातांत खुपसतो आणि दाबतो. कचक. जीभ दिसेनाशी होते. कचक. गाल भरतात, नाकातून यायला लागतं. मी त्याचा हात चावते. हाड लागेपर्यंत चावते. रक्त येत नाही, ग्रीसच येतं, तेही जुनं, वाळूमिश्रित. दातांत वाळू करकरते.

जॅकचा दांडा माझ्या हातात आहे. तो अजून सुटलेला नाही, हे माझं मलाच नवल वाटतं. मी तो त्याच्या डोक्यात घालते. डबा चेपावा तसं डोकं चेपतं. परत घालते. तो मोजल्यासारखी मान हलवतो, जणू लोखंड ठोकून सरळ करायला मीच त्याला मदत करते आहे.

"हां," तो म्हणतो. "आता जरा बायकूवानी वाटायलीस."

वारा लागतो. आम्ही पाळण्याच्या एका खोक्यात आहोत, अगदी वर. खाली आमची बस काडेपेटीएवढी. त्याने माझी वेणी मनगटाला गुंडाळली आहे आणि मला बाहेर लोंबकळत धरलं आहे. खाली जत्रेतली माणसं वर बघतात, टाळ्या वाजवतात, पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतात. पाळणा खाली येतो तेव्हा माझे पाय त्यांच्या डोक्यांना लागतात, आणि कोणी माझे पाय धरत नाही.

"टाकू?" तो विचारतो.

"टाक," मी म्हणते. जिवंतपणी मी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

तो टाकत नाही. पाळणा खाली येऊन थांबतो तो दवाखान्यात. खाटा ओळीने मांडल्या आहेत. तो एका खाटेवर पडला आहे, डोळे हळदीसारखे पिवळे, पोट वर आलेलं. खाटेचा एक पाय काढलेला आहे आणि तिथे आमचा जॅक लावला आहे. जॅकजवळ मी बसले आहे. बाकीच्या खाटांजवळही बाया बसल्या आहेत, प्रत्येकीच्या हातात दांडा. कोणी कोणाकडे बघत नाही.

तो आवाज उतरवून बोलतो. माझ्या चांगल्या कानाशी.

"सोड आता."

"काय?"

"जॅक. खाली शिरलो की दर येळंला मनात सोडतच हुतीस. मला काय कळत न्हवतं?"

माझ्या तोंडातलं ग्रीस घशाखाली उतरतं. म्हणजे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं तो छाती वर करून एक्सलखाली झोपत होता, माझ्या हातात दांडा होता, माझ्या गालावर त्याचीच बोटं उठलेली असायची, आणि त्याला माहीत होतं.

"मग ठोकळा का नाही लावलास?"

"कशाला लावायचा? तुझ्यात तेवढा दम असता तर पहिल्या लाथंलाच सोडला असतास."

हे सांगून तो कुशीवर वळतो. मला मारून झाल्यावर असाच वळायचा, भिंतीकडे तोंड करून, आणि लगेच घोरायचा. ती पाठ. बनियनला पडलेलं तेच भोक.

मी दांडा जॅकच्या खोबणीतून काढते. त्याच्या टोकाला खाच असते, ती जॅकच्या बुडाशी असलेल्या स्क्रूवर बसवली आणि फिरवली की तेल सुटतं आणि जॅक खाली बसतो. मी खाच बसवते. दोन्ही मुठींनी धरते. स्क्रू आधी घट्ट लागतो, मग ऐकतो. गोड वाटतं. खरं सांगते, इतकं गोड मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलं आहे. तेल सुस्कारा टाकतं. खाट उतरते, खाटेवर बस आहे, बसवर पाळणा, पाळण्यात टाळ्या वाजवणारी सगळी जत्रा, आणि ते सगळं त्या पाठीवर उतरतं आहे.

तो वळून बघत नाही. नुसतं म्हणतो, "पाय बघ कुणाचं हायेत."

मी बघते. बोटांत जोडवी आहेत.

लाकूड फुटल्याचा आवाज होतो.

डोळे उघडतात तेव्हा धूळ उडते आहे. ऊन तिथेच, पत्रा तसाच तापलेला. एक्सल ठोकळ्यावर बसला आहे. ठोकळ्याची एक कड तडकली आहे आणि तो मातीत दाबला गेला आहे. खाली पंपाचा आवाज बंद आहे.

"आत्याबाई," आतून शैलाचा आवाज येतो. बारीक, श्वास धरलेला. "बसला बघा मेला जॅक. मी निघते बाहेर, तुम्ही हलू नका."

ती कोपरांवर सरकत बाहेर येते. कपाळाला ग्रीस, केसांत माती. ती ठोकळ्याला हात टेकून बसते. एक्सल आणि तिची छाती यांच्यात वीतभरसुद्धा जागा नव्हती, असं ती म्हणते. हा जॅक भंगारात घालायचा, आजच घालायचा, असंही म्हणते. मग तिचं लक्ष माझ्या हातांकडे जातं.

दांडा जॅकच्या खोबणीत नाही. त्याची खाच बुडाच्या स्क्रूवर बसलेली आहे, स्क्रू पुरता एक फेर उघडलेला आहे, आणि माझ्या दोन्ही मुठी दांड्यावर आवळलेल्या आहेत. जुना जॅक आपोआप बसतो. आपला स्क्रू तो आपणहून उघडत नाही. हे मीच तिला शिकवलं आहे.

ती माझ्या मुठी एकेक बोट करून सोडवते, जशी पूर्वी खडू धरायला बोटं लावून द्यायची तशी.

"झोपेत कुणाला तरी टाक, टाक म्हणत होतात," ती म्हणते. "मला वाटलं, दांडा टाक म्हणताय."

मी तिला सगळं सांगितलं. तोवर तिला फक्त माझा बंद कान ठाऊक होता. तिने ऐकलं, अंकुशला हाक मारून जॅकजवळ बसवलं आणि उरलेली पिन पुरी करायला परत खाली गेली. जाण्याआधी ठोकळा फिरवून तडकलेली कड बाहेरच्या अंगाला घेतली. मला म्हणाली, तुम्ही लांब बसा, सावलीत. मी बसले. त्यानंतर मी जॅकच्या दांड्याला हात लावलेला नाही. ठोकळा मात्र अजून मीच लावते. त्याच्या माथ्यावर एक्सलचा वण आहे, माझी करंगळी मावेल एवढा खोल.

माझा नवरा सिदराम भानुदास वाघमोडे हा अंकुशच्या लग्नाआधी दोन वर्षं, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सरकारी दवाखान्यात, खाटेवर, काविळीने मेला. बसखाली नाही.