सुंदरबाईची कण्हेर

पारोळ्याच्या आमच्या गल्लीत सुंदरबाई कुणाकडे चहा प्यायली, तर आधी घरमालकिणीने त्याच कपातला घोट घेऊन दाखवायचा, मग हिने तोंडाला लावायचा. नवरा वारल्यावर दिरांनी वाटणीत फसवलं, तेव्हापासून तिच्या लेखी सगळं जग चोर. समोरच्या मंजुळाबाईची शेळी तर चोरांची म्होरकी. तिने तुळस फस्त केली म्हणून सुंदरबाईने ओट्यावर रॉकेलच्या डब्यात कण्हेर लावली. शेळी तिला तोंड लावत नाही, आणि महादेवाला फुलंही होतात.

भरवसा एकट्या चांद्यावर. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं हे कुत्र्याचं पिल्लू तिच्याच ताटाशी जेवायचं.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी तिने कण्हेर छाटली, फांद्या डब्याशेजारीच टाकल्या आणि विहिरीवर गेली. परत आली तो चांद्या लाळ गाळत पडलेला, शेजारी ओकारी. हंडा तसाच टाकून ती मंजुळाबाईच्या दारात गेली.

"मन्हा चांद्याले काय खावाडं तू?"

मंजुळाबाई बिचारी उलट ताक घेऊन धावली. कुणी मिठाचं पाणी आणलं, कुणी चिंचेचा कोळ. सुंदरबाईने एकीलाही जवळ येऊ दिलं नाही. पहिलीचं विष कमी पडलं म्हणून दुसरी घेऊन आली, असं तोंडावर म्हणाली. मला संताप आला होता, पण तिच्या पायाशी पडलेल्या चांद्याकडे बघवत नव्हतं. पुरावा हवा म्हणून तिने ओकारी एरंडाच्या पानात बांधली, चांद्याला पोटाशी धरलं आणि गुरांचा दवाखाना गाठला. मंजुळाबाईला पोलिसात देणार, असं वाटभर सांगत होती. मी तेव्हा शाळकरी पोर, म्हणून मला तिने मागोमाग येऊ दिलं.

डॉक्टरांनी काडीने पुरावा उलगडला. लांबट, चिवट पानांचे तुकडे. घरी कण्हेर आहे का, त्यांनी विचारलं. सुंदरबाईचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी चांद्याच्या गालात अडकलेला पाला काढला, तोंड धुतलं, कोळशाची औषधी पूड दिली आणि ठोके ऐकत छातीला नळी लावून बसले. खाल्लेलं सोबत आणलं म्हणून वेळ वाचला, म्हणाले. कुणाला काही पाजू दिलं नाही हेही बरं केलं, नाहीतर ते श्वासनळीतून छातीत गेलं असतं. संशयाला शाबासकी मिळालेली मी तेवढीच पाहिली. सुंदरबाई मात्र पदरात तोंड घालून रडत होती.

दिवस कलताना चांद्याने मान उचलली, शेपटी हलवली. त्याला घेऊन ती घरी न जाता मंजुळाबाईच्या ओट्यावर चढली. गल्लीतल्या बाया जमल्याच होत्या.

"मन्हीच कण्हेर व्हती, अक्का. तुन्हं नाव मी फुकट लिधं."

मंजुळाबाई उठली. आत गेली, चहा करून आणला आणि सवयीने पहिला घोट घ्यायला कप स्वतःच्या ओठांकडे नेला. सुंदरबाईने तो तिच्या हातातून काढून घेतला. चहा उकळता होता. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने कप रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.